अर्धशिशी असलेल्या तरुण स्त्रिया व गर्भनिरोधक साधनांची निवड

प्रस्तावना :
अर्धशिशी हा विकार पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो व त्याचा जोर प्रामुख्याने प्रजननक्षम वयात असतो. गर्भनिरोधनाची गरजही याच वयात निर्माण होते. तथापि, या दोन बाबींचा एकत्रित विचार आपल्याकडे क्वचितच होतो. डोकेदुखी अंगावर काढली जाते आणि गर्भनिरोधनाविषयी उघड बोलणे टाळले जाते. 'माला-डी'सारखी गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळते. त्यामुळे गोळी सुरू करण्यापूर्वी तरुणीला डोकेदुखीविषयी कोणी विचारेलच असे नाही. प्रस्तुत लेखात या निवडीमागील वैद्यकीय तत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वलक्षणे का महत्त्वाची? :
अर्धशिशीचे दोन मुख्य प्रकार आहेत : पूर्वलक्षणांसह आणि पूर्वलक्षणांविना. पहिल्या प्रकारात डोके दुखू लागण्यापूर्वी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, दृष्टीच्या एखाद्या भागात अंधारी येते, हातात वा चेहऱ्याच्या एका बाजूस मुंग्या येतात किंवा शब्द सुचेनासे होतात. ही लक्षणे हळूहळू वाढतात व साधारणतः ५ ते ६० मिनिटे टिकतात. मळमळ होणे किंवा उजेड सहन न होणे म्हणजे पूर्वलक्षण नव्हे. म्हणून "डोके किती दुखते?" यापेक्षा "दुखण्यापूर्वी काय होते?" हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

इस्ट्रोजेन व पक्षाघाताचा धोका :
'माला-एन' व 'माला-डी' या मिश्र गोळ्या होत. त्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन ही दोन्ही संप्रेरके असतात. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पूर्वलक्षणांसह येणाऱ्या अर्धशिशीत मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन होणाऱ्या पक्षाघाताचा धोका मुळातच काहीसा अधिक असतो. युरोपीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये २० ते ४४ वयोगटासाठी मांडलेल्या अंदाजानुसार, अर्धशिशी नसलेल्या व संप्रेरके न घेणाऱ्या १ लाख स्त्रियांमागे वर्षाला असे सुमारे २.५ पक्षाघात होतात. पूर्वलक्षणांसह अर्धशिशी असल्यास हे प्रमाण ५.९ होते, आणि त्यात संप्रेरक गोळ्यांची भर पडल्यास ३६.९ पर्यंत जाते. एका व्यक्तीपुरता हा धोका अल्पच आहे. परंतु तो टाळता येण्याजोगा आहे आणि घडल्यास परिणाम आयुष्यभराचा असतो. धूम्रपान व उच्च रक्तदाब यांमुळे तो आणखी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांच्या २०१५ मधील पाचव्या आवृत्तीत पूर्वलक्षणांसह अर्धशिशी असल्यास मिश्र गोळ्या कोणत्याही वयात चौथ्या वर्गात, म्हणजे 'वापरू नयेत' या वर्गात, ठेवल्या आहेत. पूर्वलक्षणे नसतील आणि वय ३५ पेक्षा कमी असेल, तर गोळी सुरू करता येते. मात्र त्यानंतर डोकेदुखी वाढल्यास फेरविचार आवश्यक ठरतो.

उपलब्ध पर्याय :
मिश्र गोळी वर्ज्य ठरली म्हणजे सर्वच मार्ग बंद झाले, असा समज चुकीचा आहे.
१) तांबी : हिच्यात संप्रेरक नसते. अर्धशिशीच्या दृष्टीने तिच्यावर कोणतेही बंधन नाही. कॉपर-टी ३८० ए १० वर्षांपर्यंत उपयोगी पडते. मूल न झालेल्या स्त्रीलाही ती बसविता येते. मात्र पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो.
२) केवळ प्रोजेस्टोजेन असलेली साधने : डेसोजेस्ट्रेलची गोळी, तसेच दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन. यांत इस्ट्रोजेन नसते. ही साधने वापरत असताना पूर्वलक्षणे नव्याने उद्भवल्यास डॉक्टरांना कळवावे.
३) निरोध : याचा अर्धशिशीशी संबंध नाही व लैंगिक संसर्गापासूनही संरक्षण मिळते; परंतु गर्भनिरोधनातील यश नियमित व अचूक वापरावर अवलंबून असते.

अर्धशिशीवरील औषधांचा विचार :
अर्धशिशीला प्रतिबंध करण्यासाठी दिली जाणारी व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट ही औषधे गर्भास अपायकारक ठरू शकतात. अशा वेळी खात्रीशीर गर्भनिरोधन अत्यावश्यक ठरते. शिवाय अधिक मात्रेतील टोपिरामेटमुळे गर्भनिरोधक गोळ्यांची परिणामकारकता घटते. तांबीच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

समारोप :
सदर विवेचनावरून असे दिसते की, अर्धशिशी असलेल्या प्रत्येक तरुणीस गोळी नाकारणे जितके अयोग्य, तितकेच कोणतीही चौकशी न करता ती देणे धोक्याचे आहे. पूर्वलक्षणांची विचारपूस व रक्तदाबाची मोजणी या दोन साध्या कृतींनी बराचसा निर्णय होतो. महाविद्यालयातील आरोग्य तपासणी व विद्यार्थिनींसाठीच्या व्याख्यानांमध्ये या प्रश्नास स्थान दिल्यास, डॉक्टरांना नेमके काय सांगावयाचे याचे भान विद्यार्थिनींना येऊ शकेल. डोकेदुखी नव्याने सुरू होणे, तिचे स्वरूप अचानक बदलणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, ही लक्षणे मात्र तातडीच्या वैद्यकीय तपासणीची आहेत, हे त्यांना आवर्जून सांगितले पाहिजे.