मॉरिशस : बेट ज्वालामुखीचं, समाज उसाचा

मुख्य बेट अवघं १,८६५ चौरस किलोमीटरचं, ज्वालामुखीतून वर आलेलं. सर्वोच्च शिखर ८२८ मीटर. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पाडतात, पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला मात्र जेमतेम ९०० मिलिमीटर येतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांची धास्ती असते; इतर पिकं आडवी होतात तिथे ऊस तग धरतो.

म्हणजे हवामानानेच हा देश घडवला, असं कोणी म्हणेल. पण हीच माती आणि हाच पाऊस मिळूनही, बेटावर ऊस आणणारे डच १७१० मध्ये गाशा गुंडाळून गेले. इथे मूळ रहिवासी नव्हतेच; मळे वाढले ते बाहेरून आणलेल्या माणसांच्या जिवावर. आधी आफ्रिका-मादागास्करचे गुलाम, मग १८३४ पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, बहुतेक भारतातले. त्यांत कोकणातले मराठीही होते. लागवडीसाठी वेचून शेतांत रचलेले काळ्या दगडांचे ढीग याच कष्टांची खूण. आज बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती त्यामुळेच. निसर्गाने ऊस पिकू दिला. इथे कोण राहणार, हे मजूरभरतीने ठरवलं.