नाकावरचे शिंग अंगठ्यावर कसे गेले?

लंडनच्या दक्षिण भागात क्रिस्टल पॅलेस नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथील तळ्याच्या काठी व बेटांवर नामशेष झालेल्या प्राण्यांचे सुमारे ३० पुतळे आहेत. आम्ही काही मित्र एक दिवस मुद्दाम काढून ते पाहायला गेलो. डायनोसॉरचे पूर्णाकृती पुतळे जगात प्रथम उभे राहिले ते येथेच, १८५४ साली. गंमत अशी, की यांपैकी काटेकोर अर्थाने डायनोसॉर चारच आहेत: दोन इग्वानोडॉन, एक मेगॅलोसॉरस व एक हायलिओसॉरस. बाकीच्यांत सागरी सरीसृप, उडते सरीसृप, सस्तन प्राणी वगैरे आहेत.

आमचे लक्ष वेधून घेतले ते इग्वानोडॉनने. गेंड्यासारखा चार जाडजूड पायांवर उभा, अंगावर खवले आणि नाकावर शिंग! आजच्या पुस्तकांत हा प्राणी असा मुळीच दिसत नाही. मग हे रूप आले कोठून?

ससेक्समध्ये डॉक्टरी करणाऱ्या गिडिऑन मॅन्टेल यांना काही अश्मीभूत दात मिळाले होते. ते अमेरिकेतील इग्वाना या सरड्याच्या दातांसारखे, पण कितीतरी मोठे होते. म्हणून १८२५ साली त्यांनी या प्राण्याला इग्वानोडॉन, म्हणजे 'इग्वानाच्या दातांचा', हे नाव दिले. हाडांबरोबर एक शंकूच्या आकाराचे टोकदार हाडही सापडले. गेंड्याच्या नाकावर शिंग असते. काही इग्वानांच्या नाकावरही लहानशी शिंगे असतात. तेव्हा हे हाड नाकावरचेच, असा तर्क झाला. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने पुतळे घडवले, त्यात ते शिंग नाकावर बसले. 'डायनोसॉरिया' ही संज्ञा १८४२ साली मांडणारे ते हेच ओवेन.

पुढे १८७८ साली बेल्जियममधील बर्निसार येथे कोळशाच्या खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, इग्वानोडॉनचे सांगाडे सापडले. एकदोन नव्हेत, ३० हून अधिक, आणि त्यांतील अनेक जवळजवळ संपूर्ण! लुई डोलो यांनी त्यांचा अभ्यास केला. ते 'शिंग' प्रत्येक हाताच्या अंगठ्यावर होते. म्हणजे प्राण्याला शिंग नव्हतेच. अंगठ्याचे अणकुचीदार टोक होते.

पण गोष्ट येथे संपत नाही. बर्निसारचे सांगाडे उभे केले गेले ते कांगारूसारखे, शेपूट जमिनीला टेकवून. १९८० साली डेव्हिड नॉर्मन यांनी दाखवून दिले, की हाडासारख्या कडक झालेल्या स्नायुबंधांमुळे शेपूट ताठ होती. तशी ती वाकणे शक्य नव्हते. आता इग्वानोडॉन पाठ व शेपूट जमिनीला समांतर ठेवून चालताना दाखवतात.

मग जुने पुतळे चुकीचे म्हणून पाडावेत का? तसे झालेले नाही. २००७ साली त्यांना ब्रिटनमधील संरक्षित वास्तूंची सर्वोच्च श्रेणी मिळाली. त्या काळी हाती असलेल्या पुराव्यावरून माणसाने काय तर्क केला, याचा तो दस्तऐवज आहे. याच तळ्यातील मोसासॉरसचे फक्त डोके व पुढचा भाग घडवलेला आहे, कारण तेव्हा मुख्यतः कवटीच ठाऊक होती. जे माहीत नाही ते पाण्याखाली ठेवायचे, ही युक्ती आम्हाला फार आवडली.

वर्गात याचा एक सोपा प्रयोग करता येईल. एखाद्या प्राण्याच्या सांगाड्याचे चित्र कापून त्याचे वीसेक तुकडे करा. प्रत्येक गटाला पाचच तुकडे देऊन प्राणी जुळवायला सांगा. प्रत्येक तुकडा तेथेच का ठेवला, हे मुलांनी लिहावे. मग आणखी पाच द्या व काय बदलावे लागले ते विचारा. गुण द्यायचे ते अचूक प्राण्याला नव्हे, कारणांना द्या. नवा पुरावा आल्यावर आपला जुना तर्क हसतमुखाने बदलता आला, तर मुले विज्ञान शिकली असे समजावे.