कृष्णाकाठच्या हिशेबाने कृष्णविवर

पावसाळ्यात सांगलीकराची सकाळ ‘आयर्विनला किती फूट?’ या प्रश्नानेच उजाडते, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेला तो आकडा कानी पडला की वर कोयनेतून किती पाणी सुटले असावे याचा अदमास, धरण डोळ्यांनी न पाहताही, पेठेतला कोणीही गृहस्थ बांधू शकतो. सातारा जिल्ह्यातल्या कोयनेची रीत याहून बारकाईची आहे. धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते, आणि वीज किती झाली हे दप्तरी नोंदलेले असले म्हणजे पाणी किती खर्ची पडले हे उलट गणिताने निघते.

अतिदूरच्या क्वासारच्या गर्भातील कृष्णविवर वर्षाकाठी किती द्रव्य गिळते, हे ज्योतिर्विद याच न्यायाने ठरवितात. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या क्वासारच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका बिंदूच्या, वर्णपटाचे कोडे उलगडले, तेव्हा तो सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षे दूर असून अख्ख्या दीर्घिकेहून कितीतरी तेजस्वी आहे, असे निष्पन्न झाले. हे तेज कृष्णविवराचे स्वतःचे नव्हे. त्यात पडू पाहणारा वायू सरळ न पडता भोवती तबकडीसारखा फिरतो, घर्षणाने तापतो आणि गडप होण्यापूर्वी आपल्या वस्तुमानातील ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा प्रकाशरूपाने देऊन जातो. कोयनेच्या किलोभर पाण्यापासून मिळते त्याच्या सुमारे दोन लक्ष कोटी पट ऊर्जा येथे किलोभर वायूपासून मिळते! तरीही एक लक्ष कोटी सूर्यांइतके तेज असलेल्या क्वासारला वर्षाला सूर्याच्या दोनतृतीयांश द्रव्य, म्हणजे दर सव्वादोन मिनिटांना जवळजवळ एक पृथ्वी, लागते. हा ‘दहावा हिस्सा’ मात्र सोयीचा अंदाज आहे. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नसेल तर तो सहा टक्क्यांपर्यंत उतरतो, अतिवेगाने फिरत असेल तर चाळिसांपलीकडे चढतो.

खरी मेहनत एकूण तेजाची बेरीज करण्यात आहे, कारण हा महसूल एकाच कचेरीत जमा होत नाही. तबकडीचे तेज मुख्यतः दृश्य व जंबुपार प्रकाशात, तिच्यालगतच्या अतितप्त वायूचे क्ष-किरणांत, भोवतालच्या धुळीचे अवरक्तात, आणि काही क्वासारांतून उसळणाऱ्या फवाऱ्यांचे रेडिओलहरींत दिसते. त्यांतली धूळ तर तबकडीचाच प्रकाश शोषून पुन्हा फेकते. म्हणजे दोन्ही रकमा बेधडक जमेस धरल्या तर एकच रक्कम दोनदा खतावली जाते, आणि हिशेबनिसाला ठाऊक असलेली ही चूक दुर्बिणीमागच्या विद्वानालाही घडू शकते. जंबुपार आणि मृदू क्ष-किरण यांच्यामधला पट्टा तर आपल्याच आकाशगंगेतील हायड्रोजन गिळून टाकतो. तेथील आकडा गणिती प्रतिमानाने भरावा लागतो. शिवाय क्वासारचे तेज बदलते, म्हणून आजचे जंबुपार मोजमाप गेल्या वर्षीच्या क्ष-किरणांशी जुळवणे धोक्याचे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाचे महत्त्व माझ्या मते येथेच आहे: त्यावरील दुर्बिणी एकाच वस्तूकडे एकाच वेळी जंबुपार आणि क्ष-किरण या दोन्ही नजरांनी पाहतात. त्यांच्या घडणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे ‘आयुका’ हे खगोलशास्त्र केंद्र यांचा मोठा वाटा आहे.

या सगळ्या हिशेबाचा पाया मात्र अंतर. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी, ज्यांनी अजित केंभावी यांच्यासह १९९९ साली क्वासारांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, काही क्वासारांच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे वर्णपटातील रेषा तांबड्याकडे सरकण्यावरून, काढलेल्या अंतरांविषयी दीर्घकाळ शंका बाळगली. आणि अंतर दसपट घटले तर तेज व भक्ष्य दोन्ही शतपट घटतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ती शंका किती मूलगामी होती हे कळते. बहुसंख्य ज्योतिर्विदांनी ती मान्य केली नाही, कारण क्वासारांभोवती त्याच ताम्रसृतीच्या दीर्घिका आढळत गेल्या. ‘३सी २७३’भोवतीची दीर्घिकाही हबल दुर्बिणीला दिसली आहे.