कोटांतील माया

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या पुतण्याचें लग्न झालें. त्यासाठीं मुंबईच्या एका झगझगीत दुकानांतून भारी किंमतीचा तयार कोट आणला होता. लग्नानंतर त्यावर एकदां वाफेची इस्त्री झाली आणि तो कपाटांत गेला. समुद्रकांठच्या आमच्या नागांवांत पावसाळ्याचे चार महिने भिंतीदेखील घाम गाळतात. आश्विनांत कपडे उन्हाला काढले, तों या नव्या कोटाच्या छातीवर पापडासारखे फुगे उठलेले! शेजारींच आमच्या कैलासवासी वडिलांचा, १९४८ सालीं गिरगांवांत शिवलेला कोट टांगलेला होता. कपाट एक, हवा एक. इस्त्रीही जुन्यावरच अधिक फिरलेली. पण त्याची छाती अद्यापि गुळगुळीत!

दोष दुकानदाराचा किती हें तो जाणे. आमचा मात्र निश्चित होता. आम्हीं किंमत पाहिली, कापडावरून हात फिरविला, आणि आंत काय आहे याची चौकशीच केली नाहीं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, आणि येथें मात्र वेष्टण पाहून गुण दिले!

अलिबागेस एक वृद्ध शिंपी आहेत. त्यांच्यापुढें दोन्ही कोट ठेवले. त्यांनीं जें शिकविलें तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

कोटाचें बाहेरचें कापड आणि अस्तर यांच्यामध्यें एक तिसरें कापड असतें. कोटाचा आकार तेंच धरून ठेवतें. जुन्या पद्धतींत हें कॅनव्हास असे. त्याच्या विणींत बकरीच्या किंवा घोड्याच्या केसांचा बाणा घालीत. शिंपी तें सैल हातटाक्यांनीं जोडतो, त्यामुळें दोन्ही कापडें एकमेकांवर किंचित् सरकूं शकतात आणि वापरतां वापरतां कोट धन्याच्या अंगाचें वळण घेतो. १९५० नंतरच्या काळांत दुसरी रीत पसरली. डिंकाचे बारीक ठिपके असलेलें कापड उष्णतेनें व दाबानें आंतून चिकटवावयाचें! काम झटपट होतें, कोट स्वस्त पडतो. परंतु ओल व वाफ यांनीं डिंक सुटला, कीं फुगे आलेच.

मग न उसवतां आंतलें ओळखावें कसें? खालच्या काजाजवळ बाहेरचें कापड एका हाताच्या चिमटींत आणि आंतलें दुसऱ्या हाताच्या चिमटींत धरून हलकेच विलग करावें. मध्यें तिसरा पदर मोकळा सरकतांना बोटांस लागला, तर कॅनव्हास खालपर्यंत आहे. दोनच पदर लागले व बाहेरचा ताठ वाटला, तर कापड चिकटविलेलें आहे. हीच परीक्षा छातीवरही करावी. कित्येक कोटांत कॅनव्हास छातीपुरतेंच असतें, आणि मध्यम किंमतींत तेंही वाईट नव्हे.

छातीवर उलटणाऱ्या पातीस शिंपी लॅपल म्हणतात. ती हातानें सपाट करून सोडावी. चांगली पाती गोलाईनें आपल्या जागीं परतते. तिच्या मागच्या अंगास सुईनें धागा उचलल्याच्या बारीक खळ्या दिसल्या, तर तेथें हात राबला आहे असें समजावें. हातचें काज आधीं कापून मग विणतात, म्हणून त्याची कड भरीव व उठावाची असते. यंत्राचें काज बहुधा आधीं शिवून मग कापतात. त्याच्या चिरेंत धाग्यांचे केस राहतात. रेघांचें वा चौकड्यांचें कापड असेल, तर खिशाच्या झांकणावरची रेघ खालच्या रेघेशीं जुळली पाहिजे. शेवटीं कोट अंगांत घालून हात वर करावा. मुंढा नीट कापला असेल, तर सगळा कोट हाताबरोबर वर चढत नाहीं. मानेमागें कॉलर सदऱ्यास चिकटून बसावी, पोकळी राहूं नये.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. हातशिलाई तेवढी उत्तम व यंत्र तेवढें हीन, असें नाहीं. लांब सरळ शिवणी यंत्राचीच पक्की होते. तसेंच कापडाच्या कांठावरील नांव शिलाईची हमी देत नाहीं. कापड १९२५ सालीं ठाण्यास उभ्या राहिलेल्या रेमंडचें असो कीं विलायतेचें, तें वाईट हातीं पडलें तर वायां जातें. स्वस्त कोट स्वस्तांत घेण्यास हरकत नाहीं. डिंकाला कॅनव्हासची किंमत मोजूं नये, इतकेंच.

परंतु शिंप्यांनीं सर्वांत अखेरीस जें दाखविलें, तें आमच्या मनांत राहिलें. शिवणीच्या आंत जें जादा कापड राखतात, त्यास ते लोक ‘माया’ म्हणतात. संस्कृतांत माया म्हणजे भ्रम. आमच्या मराठीनें तिला जिव्हाळा केलें, आणि शिंप्यानें पुढच्या माणसासाठीं राखलेलें वीतभर मन! नव्या कोटाच्या शिवणींत ती नांवापुरती होती. जुना कोट मात्र वडिलांमागून थोरल्या बंधूंसाठीं कमरेंत सैल झाला, मग आमच्यासाठीं पुन्हां आंत घेतला गेला. एकत्र कुटुंबांत कोट एकट्याचा कधींच नसतो.

निघतांना ते म्हणाले, “गुरुजी, पुढचा कोट शिवावयास टाकाल तेव्हां अस्तर लावण्यापूर्वीं एकदां या. नंतर काय दिसणार?”

पुतण्यानें तेथेंच आजोबांचा कोट घालून पाहिला. खांद्यांत बरोबर बसला. बाह्या मात्र अर्धा इंच आंखूड. शिंप्यांनीं टोंक उसवून पाहिलें. आंत अजून पाऊण इंच कापड होतें. “घडीचा भाग थोडा गडद दिसेल,” ते म्हणाले. पुतण्या म्हणाला, “दिसूं द्या.”