वार्तापत्र आणि वाढती यादी



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की, हा विषय व्यापाऱ्यांचा. त्याचे व्याख्यानमालेत काय काम? परंतु आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यावर रोज सकाळी न मागितलेली दहापाच पत्रे येऊन पडलेली असतात. शिवाय आपणांपैकीच कोणाचे दुकान आहे, कोणाची शिकवणी आहे, कोणी वाचनालयाचे चिटणीस आहेत. म्हणजे पत्रांना कंटाळणारे आपण आणि पत्रे पाठवणारेही आपणच. संगणकावरील टपालाची व्यवस्था पाहण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्या काळात मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "यादी लहान होती तोवर पत्रे बिनबोभाट पोचत होती. यादी वाढली आणि पोचेनाशी झाली. हे कसे?" ह्या एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज विचार आहे.

देवगड तालुक्यात माझे एक स्नेही आंब्याचे बागायतदार आहेत. दलालाच्या हाती माल न देता पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पाठवायच्या, असे त्यांनी ठरवले. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांची नावे एका वहीच्या चार पानांत मावत होती. मोहोर कसा आहे, पहिली तोड कधी, पेटीचा भाव काय, एवढ्या मजकुराचे ईमेल ते महिन्यातून एकदा धाडीत आणि लोक त्याला उत्तरेही लिहीत. पुढे मुलाने संकेतस्थळ केले, बागेच्या नावाचे डोमेन घेतले, नावे वाढत गेली. मग एका हंगामात कोणा हितचिंतकाने त्यांना मोठमोठ्या गृहसंकुलांतील रहिवाशांची काही हजार नावांची यादी आणून दिली. फुकट आलेली यादी कोणाला नको असते? गुढीपाडव्याच्या सकाळी त्यांनी जुन्या-नव्या सर्वांना एकच पत्र धाडले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "भाऊ, नवीन गिऱ्हाईक राहू द्या हो, जुनीसुद्धा हातची गेली. पेटी उद्या पोचते, घरी माणूस ठेवा, असं कळवलं होतं. कोणाला मिळालंच नाही!" पत्रे निघाली होती, समोरच्या टपालसेवेने ती घेतलीही होती, पण ती जाऊन पडली स्पॅमच्या कप्प्यात, जिथे सहसा कोणी डोकावत नाही. बंद दारांसमोर पेट्या उन्हात राहिल्या. काही परत आल्या. हापूस कोणासाठी थांबत नाही, आणि वर्षाची कमाई तर ह्याच आठदहा आठवड्यांत व्हायची.

आता ह्यातील मर्म पाहू. ज्यांनी कधी तक्रार केली नव्हती, जी पत्राची वाट पाहत होती, त्या जुन्या गिऱ्हाइकांची पत्रे का अडली? परक्यांना धाडलेल्या पत्राची शिक्षा घरच्यांच्या पत्राला का झाली?

हा रोग नवा नाही. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाणारे पहिले ईमेल रे टॉमलिन्सन ह्यांनी १९७१ साली पाठवले. त्यानंतर सातच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीच्या गॅरी थर्क ह्यांनी आर्पानेट नावाच्या तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे ४०० लोकांना आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकदम धाडले. पत्ते इतके झाले की पत्त्यांसाठी ठेवलेल्या जागेत ते मावेनात, आणि उरलेले पत्राच्या मजकुरातच सांडले! लोक चिडले, जाळ्याच्या व्यवस्थापकांनी समज दिली. न मागितलेल्या घाऊक पत्राचा हा पहिला नमुना समजला जातो. मोह कशाचा होता, हे त्यातही दिसते: एक पत्र लिहायला जेवढे श्रम, तेवढ्यातच चारशे जातात.

जुन्या मासिकाच्या संपादकाला हा मोह परवडत नसे. अंक व्ही.पी.ने धाडावा, वर्गणीदाराने तो सोडवून घ्यावा, ही रीत. त्याने तो न सोडवला तर अंक परत येई आणि टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. त्यामुळे दरवर्षी तो बिचारा यादी पुढे घेऊन नावांवर काट मारीत बसे. कोण गाव सोडून गेला, कोण निवर्तला, कोणाची नुसतीच इच्छा उरली नाही, हे त्याला परत आलेल्या अंकांवरून कळे. तिकिटाचा खर्च हाच यादीचा वैद्य होता म्हणा ना. ईमेलला तिकीट नाही. म्हणून काट मारण्याची निकड पाठवणाऱ्याला वाटत नाही आणि यादी नुसती फुगत जाते.

मग हा फुकटचा लोंढा अडवायचा कोणी? ते काम घेणाऱ्याच्या टपालसेवेने, म्हणजे जीमेल, याहू इत्यादींनी, आपल्याकडे घेतले. आरंभी त्यांची चाळणी शब्दांवर चाले. 'फुकट' म्हटले की अडव. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम ह्या संगणकतज्ज्ञांनी एका निबंधात असे मांडले की, नियम माणसाने घालून देण्यापेक्षा चांगली पत्रे आणि नकोशी पत्रे ह्यांचे ढीग यंत्रापुढे ठेवावेत आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो, ह्यावरून संभाव्यता यंत्रानेच काढावी. ही पद्धत फार उपयोगी ठरली. पण शब्द बदलता येतात. म्हणून पुढे चाळणीचा रोख शब्दांवरून माणसावर गेला: पत्रात काय आहे, ह्याइतकेच ते कोणाकडून आले आहे, हे महत्त्वाचे ठरले. तिकिटाच्या जागी आता पत लागते. सावकाराच्या पेढीवर जशी नावाची पत असते तशीच ही डोमेनची पत, आणि ती प्रत्येक टपालसेवा आपापल्या वहीत मांडून ठेवते. माझ्या स्नेह्यांनी परक्यांना पत्र धाडून बागेच्या नावाची पत घालवली. जुन्या गिऱ्हाइकांचे पत्र त्याच नावाने निघाले होते, म्हणून तेही बुडाले.

ही पत घटते कशी? यादीत न जुळणारे पत्ते असले म्हणजे समोरचा सर्व्हर '५५०' हा आकडा देऊन पत्र परत करतो. आपल्या पोस्टमनने 'ह्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारावा तसाच हा प्रकार. दोनचार शेरे सर्वांनाच मिळतात. शेकड्यांनी मिळू लागले की समोरच्याला कळते, ह्या माणसाला आपली माणसे ठाऊक नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सापळ्याचे पत्ते. कोणी सोडून दिलेला जुना पत्ता काही काळ बंद ठेवून नंतर मुद्दाम जागा करतात. त्या पत्त्याच्या मालकाने नवीन वार्तापत्र मागवणे शक्यच नसते; तिथे पत्र आले की यादी शिळी किंवा उसनी आहे, हे उघड होते. १९९८ पासून काम करणारी स्पॅमहाउस ही संस्था अशा खुणांवरून बदनाम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवते आणि जगभरच्या टपालसेवा त्या पाहतात.

परंतु सर्वांत मोठा घाव घेणाऱ्याच्या बोटाचा. 'स्पॅम' हे बटण त्याने दाबले की पाठवणाऱ्याच्या नावावर एक तक्रार चढते. गूगल आणि याहू ह्यांनी फेब्रुवारी २०२४ पासून जे नियम लावले त्यांत ह्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली असलेच पाहिजे, आणि खरे म्हणजे ०.१ टक्क्याखाली असावे, असे गूगलने सांगितले आहे. आकडा इवलासा वाटतो ना? आपण हिशेब करू. सहा हजार पत्रे पोचली, तर ०.३ टक्के म्हणजे अवघी १८ माणसे. एका इमारतीतील एका जिन्यावरची बिऱ्हाडे! तेवढ्यांनी कपाळाला आठी घालून बटण दाबले की पाच हजार नऊशे ब्याऐंशी लोकांची पत्रे धोक्यात आली. यादी वाढल्यावर पत्रे का अडतात, ह्याचे उत्तर बहुतांशी इथे आहे. पहिली शंभर माणसे आपण होऊन आलेली असतात. पुढची हजारो पुष्कळदा ओढून आणलेली असतात.

ह्याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. जीमेलच्या खात्यांकडे एका दिवसात ५,००० च्या आसपास पत्रे धाडणारा घाऊक पाठवणारा समजला जातो, आणि एकदा समजला गेला की ती ओळख पुसली जात नाही. अशाने आपल्या वार्तापत्रात एका टिचकीसरशी नाव कमी करण्याची सोय ठेवली पाहिजे आणि दोन दिवसांत ते नाव कमी केले पाहिजे. पुष्कळ दुकानदारांना हा जुलूम वाटतो. ते 'नाव कमी करा' ही ओळ तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, फिकट रंगात छापतात. वस्तुतः ही ओळ म्हणजे त्यांचे संरक्षण आहे. जायचा रस्ता सापडला नाही म्हणजे पाहुणा खिडकीतून उडी टाकतो. इथे ती खिडकी म्हणजे स्पॅमचे बटण. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आले आहे: संमती देणे जितके सोपे, साधारण तितकेच ती मागे घेणे सोपे असावे.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. आमच्या इतिहासप्रेमी श्रोत्यांना शिवकालीन पत्रे ठाऊक असतील. मजकूर संपला की तिथे मर्यादेची मुद्रा उठवीत. मग तिच्याखाली कोणी एखादी ओळ वाढवली तरी ती मुद्रेबाहेरची ठरे. ईमेलला अशी तीन साधने आहेत. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र नेण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे, त्यांची जाहीर नोंद. डीकेआयएम म्हणजे मुद्रा: पत्राच्या मजकुरावरून गुप्त किल्लीने एक सही तयार होते, आणि जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते, वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. डीमार्क म्हणजे ह्यातले काहीच पत्रावरच्या नावाशी जुळले नाही तर पत्राचे काय करावे, ह्याची मालकाने देऊन ठेवलेली आज्ञा. घाऊक पाठवणाऱ्याला तिन्ही आवश्यक आहेत. आपली पत्रे ह्यांत बसतात की नाही, हे पाहणे सोपे आहे. एक पत्र स्वतःच्या जीमेलवर धाडा, ते संगणकावर उघडा, तीन ठिपक्यांच्या यादीतून 'शो ओरिजिनल' निवडा. तिन्ही नावांपुढे 'पास' दिसले पाहिजे. मात्र शिक्का असला म्हणजे पत्र आपलेच आहे एवढे सिद्ध होते. ते हवेसे आहे, हे नव्हे. बदमाषालाही शिक्का करून घेता येतो.

मजकुराविषयी फार बोलत नाही. एका पत्रात एकच विषय असावा, पाठवणाऱ्याच्या जागी ओळखीचे नाव असावे, आणि सर्वांचे पत्ते एकमेकांना दिसतील असे पत्र तर कदापि धाडू नये. ती गिऱ्हाइकांशी बेइमानी आहे. किती जणांनी पत्र उघडले, ह्या आकड्यावरही विसंबू नका. तो पत्रात दडवलेल्या एका अदृश्य चित्रावरून काढतात, आणि सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या टपालात, वापरणाऱ्याने ती सोय चालू केली असेल तर, असली चित्रे वाचकाने पत्र पाहिले नाही तरी परस्पर उतरवली जातात. आलेली उत्तरे आणि आलेल्या मागण्या मोजाव्यात.

आता माझ्या स्नेह्यांकडे वळू. मी त्यांना सांगितले, आणलेली यादी पुरती पुसून टाका. ते त्यांनी निमूटपणे केले. पुढे म्हटले, तुमच्या स्वतःच्या नावांतही ज्यांनी दोन हंगामांत पेटी घेतली नाही की उत्तर दिले नाही, त्यांना एकदाच विचारा: पत्र चालू ठेवू का? जे गप्प राहतील त्यांना वगळा. इथे मात्र ते अडले. "अहो, एकेक नाव मी प्रदर्शनात उभं राहून मिळवलंय. गप्प आहेत म्हणून काढायचं? पुढच्या वर्षी घेतील की!" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आंबा वर्षातून एकदाच घेतात. दूध-भाजीच्या मापाने इथे मौन मोजता येत नाही. म्हणून तर मी दोन महिन्यांची नव्हे, दोन हंगामांची मुदत धरली होती. पण एवढे खरे की न उघडलेल्या पत्रांचा ढीग टपालसेवेला दिसतो, आणि सोडून दिलेले पत्तेच काळाने सापळे होतात. बरीच हुज्जत झाली. अखेर त्यांनी विचारणा धाडली. कमी जणांनी उत्तर दिले, आणि यादी निम्म्याहून लहान झाली.

पेटी निघाल्याची सूचना आणि हंगामाचे वार्तापत्र ह्यांची नावेही वेगळी केली, मूळ डोमेनच्या दोन उपशाखांवर, म्हणजे वार्तापत्रावर रोष ओढवला तरी पेटीच्या सूचनेला त्याची झळ कमी पोचावी. पत्रे प्रथम फक्त गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना, मग हळूहळू इतरांना, अशी टप्प्याटप्प्याने सुरू केली. गेलेली पत परत यायला तो सबंध हंगाम गेला. त्या वर्षी घरातली सगळी माणसे संध्याकाळी फोन घेऊन बसत आणि उद्याच्या पेट्या तोंडी कळवीत.

आता नवे नाव यादीत येते ते दोनदा विचारून: अर्ज भरला की एक पत्र जाते, आणि त्यातील दुव्यावर टिचकी मारली तरच नाव चढते. अर्जात त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक प्रश्न घातला आहे, 'पत्र केव्हा हवे?' मोहोर आल्यापासून, पहिल्या तोडीला, की नुसती पेटी निघाल्यावर. पुष्कळ लोक शेवटचेच निवडतात. त्यांना ते वर्षाकाठी एकच पत्र धाडतात.