मुखडा आला, हे कानाला कसं कळतं?

विलंबित एकतालातल्या ख्यालात गायक बहुधा अकराव्या मात्रेच्या आसपास मुखडा, म्हणजे बंदिशीचा पुन्हा पुन्हा येणारा सुरुवातीचा तुकडा, उचलतो आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवतो. ज्याला मात्रा मोजता येत नाहीत, त्या श्रोत्याचीही मान तिथे हलते. खरं तर मुखडा दोनदा तंतोतंत सारखा येतच नाही. कधी गंधार लांबतो, कधी मींड येते, कधी उशिरा उचलल्यामुळे तोच मजकूर घाईत आवरावा लागतो. तरी कानाला शंका नसते.

ही ओळख संगणकाला शिकवण्याचं काम मुंबईच्या आयआयटीत प्रा. प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आहे. तानपुरा, तबला, हार्मोनियम यांच्या गर्दीतून आधी फक्त गळ्याचा स्वर वेगळा काढायचा. कुणाची पट्टी काळी एक, कुणाची काळी पाच. म्हणून प्रत्येक स्वर त्या गायकाच्या षड्जापासून मोजायचा. सप्तकाचे 1200 सारखे भाग, म्हणजे सेंट, धरले की गाण्याची एक वळणावळणाची रेघ मिळते. मग नमुन्याचा मुखडा त्या रेघेवर सरकवत जुळणी शोधायची.

साध्या मोजमापाने ती जुळत नाही. एक स्वर अर्धा सेकंद जास्त रेंगाळला, की पुढचं सगळं हुकतं. इथे ‘डायनॅमिक टाइम वॉर्पिंग’ ही रीत उपयोगी पडते. एकच शब्द कुणी भरभर, कुणी सावकाश उच्चारतो. तो ओळखण्यासाठी 1970 च्या दशकात ती वापरात आली. दोन रेघा कुठे ताणून, कुठे आवळून ती जुळवते. किती ताणू द्यायचं, यातच सगळी मेख आहे. कमी मुभा दिली तर खरा मुखडा निसटतो, जास्त दिली तर आलापातली भलतीच जागा मुखडा ठरते.

पाश्चात्त्य संगीतात स्वरलेखन हाताशी असतं, पण तिथली अडचण दुसरी. डेव्हिड मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक स्वर हा काळ आणि उंचीच्या आलेखावरचा एक बिंदू असतो. बिंदूंचा तोच आकार दुसरीकडे सरकवून बसला, की पुनरावृत्ती सापडली. अशा इतक्या सापडतात, की त्यांतल्या बहुतेक कुणा श्रोत्याच्या ध्यानातही येत नाहीत. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे: सापडलेल्यातलं महत्त्वाचं कोणतं?

श्रोता त्याचं उत्तर अनेक खुणा एकत्र धरून देतो. बंदिशीचे शब्द, ठेक्यात सम जवळ आल्याची चाहूल, आधीच्या आवर्तनाची आठवण, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. संगणकालाही समेआधीचाच भाग तपासायला सांगितला, तर चुकीच्या जागा आपोआप गळतात.

मुखड्याऐवजी राग ओळखायचा असेल, तर भूप आणि देसकार या जोडीत नुसते स्वर पाहून भागतच नाही. दोन्हींत सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. पण भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला, आणि स्वरसंगतीही निराळ्या. याच आयआयटीतल्या गटाने या जोडीचाही अभ्यास केला आहे. स्वर लागला की नाही एवढ्याने तिथे काही ठरत नाही. तो किती वेळ टिकला, कुठून आला आणि कुठे जाऊन थांबला, हे मोजावं लागतं.

हे दोन राग एकामागोमाग लावून ऐकाच. रागांची नावं आधी पाहू नका. गायक पुन्हा पुन्हा कोणत्या स्वरावर विसावतो, तेवढं धरून बसा.