बॅनरवरचा 'समाजसेवक' आणि डिग्रीवाला सोशल वर्कर, यांच्यात राजकारण नेमकं कुणाला चालतं?

घाटकोपर स्टेशनबाहेर उभं राहा, नाहीतर बोरिवलीच्या. मान वर केली की बॅनर दिसतोच. वाढदिवसाचा, दहीहंडीचा, वह्यावाटपाचा. फोटोखाली नाव आणि नावाखाली ठरलेला शब्द, 'समाजसेवक'. कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह. मुंबईच्या उपनगरांत समाजसेवक म्हणजे महापालिकेचा इच्छुक उमेदवार, असा अर्थ लोकांनी कधीच लावून टाकलाय.

पण याच उपनगरांत अशीही माणसं आहेत जी दोन वर्षं एमएसडब्ल्यू शिकून समाजकार्य करतात, पगारावर. सरकारी हॉस्पिटलात 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी असते तिथे, पोलीस स्टेशनातल्या महिला कक्षात, वस्तीतल्या एखाद्या संस्थेत. त्यांचे बॅनर लागत नाहीत. मग प्रश्न येतो, यांनी राजकीय मत ठेवावं का? आणि ठेवलं तर कामात आणावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या पेशानेच देऊन ठेवलंय. समाजकार्याची जी जागतिक व्याख्या २०१४ मध्ये मान्य झाली, तिच्यात सामाजिक न्याय आणि मानवी हक्क हे शब्द थेट आहेत. भारतातल्या समाजकार्याच्या प्राध्यापकांनी १९९७ मध्ये एक नीतिसंहिता मांडली, तिचाही रोख वंचितांच्या बाजूने उभं राहण्याकडेच. थोडक्यात, 'आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही' असं हा पेशा म्हणत नाही. अमेरिकेत झालेल्या पाहण्यांमध्येही सोशल वर्कर मंडळींचा कल उदारमतवादाकडे जास्त दिसतो. पण सगळेच तसे नसतात. परंपरा मानणारेही याच पेशात आहेत आणि नीट काम करतात.

याच २०१४ मध्ये मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण बघायला मिळालं. मेधा पाटकर म्हटलं की नर्मदा आठवते. पण त्या मूळच्या मुंबईच्या आणि देवनारच्या टिसमधून समाजकार्यात एमए झालेल्या. टिस म्हणजे १९३६ मध्ये सुरू झालेली, देशात समाजकार्याचं शिक्षण देणारी पहिली संस्था. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत झोपड्या पाडण्याची मोठी मोहीम निघाली, तेव्हा मानखुर्द-मंडाळा भागातल्या लोकांसोबत पाटकर रस्त्यावर होत्या. २०१४ ला त्या आम आदमी पक्षाकडून ईशान्य मुंबईत लोकसभेला उभ्या राहिल्या. भाजपचे किरीट सोमय्या निवडून आले, पाटकर तिसऱ्या आल्या. वर्षभरातच त्यांनी पक्षही सोडला.

त्यांच्या आधी गोरेगावच्या मृणाल गोरेंनी हा रस्ता उलट्या बाजूने चालून दाखवला होता. एमएसडब्ल्यू वगैरे काही नाही, पक्की समाजवादी कार्यकर्ती. पाण्यासाठी भांडून 'पाणीवाली बाई' झाल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही की राजकारण का करता. ते उघडच होतं.

खरी अडचण मोर्चात नसतेच. ती असते बंद खोलीत, टेबलाच्या दोन बाजूंना दोनच माणसं असतात तेव्हा.

१९८४ मध्ये टिस आणि मुंबई पोलिसांनी महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आतच बसणारी प्रशिक्षित सोशल वर्कर, ही तेव्हा नवी गोष्ट होती. पुढे हे कक्ष राज्यभर गेले. समजा अशा एखाद्या कक्षात मार खाऊन आलेली बाई म्हणते, "ताई, मला केस नको, फक्त त्याला समज द्या." समोरची ताई विचाराने स्त्रीवादी असेल तर तिला वाटणार, हिने घर सोडावं. जुन्या वळणाची असेल तर वाटणार, संसार मोडू नये. दोन्ही मतंच. आणि दोन्ही त्या बाईवर लादता येतात, कारण त्या घडीला तिच्याकडे दुसरा दरवाजा नसतो. पेशाचं तत्त्व सांगतं की धोका किती आहे, कायदा काय देतो, निवारा कुठे मिळेल हे सगळं स्पष्ट सांगा, पण निर्णय तिचा. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ती बाई महिन्याभराने पुन्हा तोंड सुजवून आली की पाळायला महाकठीण.

आणि पाळलं नाही तर विचारणार कोण? डॉक्टरचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं, वकिलाची सनद जाऊ शकते. सोशल वर्करसाठी देशात अशी स्वतंत्र कौन्सिल नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात हॉस्पिटलमधले आणि मानसोपचारातले सोशल वर्कर आले, वस्तीतले बाहेरच राहिले. मग उरतात ते मालकाचे नियम. राज्य सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियमांनुसार पक्षाचं सदस्यत्व चालत नाही. संस्था परदेशी निधी घेत असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यामुळे राजकारणापासून लांब राहावं लागतं. हे नियम नोकरी आणि संस्था वाचवतात. समोरच्या बाईशी कसं वागायचं ते त्यात नसतं.

बरं, पक्षांना पूर्ण टाळताही येत नाही. गरीब पेशंटच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले की योजना, ट्रस्ट सगळं झाल्यावर एक फोन शाखेत किंवा नगरसेवकाच्या ऑफिसातही जातो. मदत येते, बऱ्याचदा रात्रीतून येते. कुठल्या पक्षाची, हे बघत बसायला वेळ नसतो. पण मदतीबरोबर दोन कार्यकर्ते आणि एक मोबाईलही येतो. पेशंटच्या खाटेशेजारी चेक धरून फोटो, मग फेसबुक. तिथे सोशल वर्करने मध्ये पडून पेशंटला एकट्याला गाठायचं आणि विचारायचं असतं, "फोटो चालेल का? नाही म्हणालात तरी ऑपरेशन होणारच आहे."